वीरगंजचं बाळंतपण

“वैनी, आता जो धूर दिसतुया न्हवं, तो टायरचा न्हाई. टायरचा काळा असतुया. ह्यो पांढरा हाय. घर पेटलंय कुनाचं तरी.”

माझे धाकटे दीर बाजीराव मला धुराची जात समजावून सांगत होते. रक्सौलच्या एका गच्चीवर, चैत्राच्या उन्हात आम्ही दोघं उभे होतो. समोर सपाट रान, मग एक मळकट नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे नेपाळ. नेपाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर उभे राहतात. मला दिसत होती ती पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या आणि तो पांढरा धूर. त्या धुराच्या आसपास कुठेतरी माझी सारिका नऊ महिन्यांचं पोट घेऊन बसली होती.

“तुमी खाली चला,” मी म्हटलं. “धुराचं नंतर सांगा.”

ही गोष्ट वीस वर्षांमागची. परदेश म्हणजे विमान, पासपोर्ट, समुद्र असं लोक समजतात. आमचा परदेश टांग्याच्या पल्ल्यात होता. एरवी रक्सौलच्या चौकात टांग्यात बसायचं, पूल ओलांडायचा, की वीरगंज आलं. कुणी नावसुद्धा विचारत नाही. पण त्या वर्षी तिकडे राजाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. रोज मोर्चा, रोज गोळीबार, आणि मग दिवसभर संचारबंदी. टांगेवाल्यांनी घोडी सोडून झाडाखाली बांधली होती.

आमच्या विट्या-आटपाडीकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी मुलुखभर पांगलेली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून भेसळ काढायची आणि चोख सोनं सराफाच्या हातात द्यायचं, हे गलाईवाल्याचं काम. सोनार आहे तिथे आमच्याकडचा गलाईवाला सापडणारच. माझे जावई जालिंदर यांची भट्टी वीरगंजात होती आणि अलीकडे, रक्सौलमध्ये, रंगतात्यांची. तात्यांचं आमचं ना नातं ना गोतं. “विट्याकडच्या न्हवं तुमी?” एवढंच त्यांनी विचारलं आणि दुकानावरचा माळा आम्हाला रिकामा करून दिला. तेजाबाच्या वासानं घसा जळायचा, पण आपल्या भाषेत ‘जेवलासा का’ म्हणणारं कुणीतरी होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्या महिन्यात लेक आणायची. पण सातव्यात मी निरोप धाडला तर माझ्या विहीणबाई गजराबाई अडून बसल्या. ओटभरण थाटात झाल्याशिवाय सून उंबरा ओलांडायची नाही म्हणाल्या. ओटभरण होईतो आठवा लागला. आठव्यात पोटुशीनं वेस ओलांडायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल. म्हणून नववा लागल्यावर मी बाजीरावांना घेऊन निघाले. आम्ही गाडीत बसलो तेव्हा तिकडे नुसती कुरबुर होती. उतरलो तेव्हा पूल ओस पडला होता.

गजराबाईंचं नि माझं सख्य म्हणाल तर लग्नातच आटोपलेलं. विहिणींच्या पंगतीत पोळीवर तूप वाढायला मी स्वतः गेले नाही, जावेला पाठवलं, एवढ्यावरून ही बाई भरल्या ताटावरून उठली होती. दोन माणसांनी हात जोडले तेव्हा परत बसली, तेही तोंड फिरवून. मोठी ताठ बाई. विधवा झाल्यावर परक्या मुलखात तिनं भट्टी बंद पडू दिली नव्हती, मुलाला धंद्याला लावलं होतं. कुणाचं देणं नाही, कुणापुढे पदर पसरणं नाही. दोन वर्षांत आमचं बोलणं ‘बऱ्या आहेत का विचार’ याच्यापुढे गेलं नव्हतं, आणि तेही सारिकाच्या मार्फत.

आणि मी? मी जन्माची भित्री. बस घाटात वळली की पुढच्या बाकाचा दांडा धरून डोळे मिटणारी. रक्त दिसलं की मला भोवळ येते. घरात कोंबडं कापायचं असलं की सासूबाई मलाच आधी शेजारी पाठवून द्यायच्या, कारण कोंबड्याआधी मी आडवी व्हायचे. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात सुईण म्हणाली होती, ‘बाई, तू डोळं मीट, बाकीचं मी बघते.’ तर अशी मी, आणि समोर असा तो पूल.

खाली दुकानात तात्या चुलीपुढे बसल्यासारखे थंड भट्टीपुढे बसले होते. धंदा बंदच होता.

“अक्का, माझं ऐकशीला का?” ते म्हणाले. “काल सकाळी संचारबंदी उठली तवा मोतिहारीचा एक व्यापारी पलीकडं गेला. दुपारी त्येला चौघांनी उचलून आनला. मांडीत गोळी. आनि तो तर बाप्या. हिंदी बोलनारा, नेपाळी बोलनारा. तुमी काय बोलनार?”

“मी कशाला बोलू? मी माझ्या वाटंनं जाईन.”

“गोळीला वाट कळती व्हय?”

बाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. पैलवान गडी, तालमीत वाढलेला. गाडीत येताना पूर्ण डबा त्यांच्या आवाजानं हादरत होता. “मी हाय न्हवं संगं,” असं त्यांनी कल्याणपासून पन्नासदा सांगितलं होतं. आता मात्र ते म्हणाले, “वैनी, तात्यांचं खरं हाय. चार दिस थांबू. न्हाईतर माघारी जाऊ.”

“आनि चार दिसात ती बाळंत झाली तर?”

बाहेर कुठेतरी फटाके वाजल्यासारखा आवाज झाला. तात्या म्हणाले, “ऐकलंसा? लगीन न्हाई कुनाचं.” मी तिथल्या तिथे पोत्यावर बसले.

मग मी गावाकडे फोन लावायला सांगितला. आमच्या घरात लहानमोठं सगळं ‘हे’ ठरवायचे. साडीचा रंगसुद्धा. कधी कधी मला त्याचा राग यायचा, पण खरं सांगू का, बरंही वाटायचं. ठरवणारा ठरवतो, आपण मान हलवायची, चुकलं तर त्याच्या नावावर. ह्यांना सगळं सांगितलं. गोळ्या, धूर, मोतिहारीचा व्यापारी. मला वाटलं हे ओरडतील, ‘एक पाऊल पुढं टाकू नगंस.’ मी त्या ओरडण्याची वाटच बघत होते.

हे म्हणाले, “तुजं तू ठरीव.”

“अवो, पन मला काय कळतंय?”

“मला तरी हितनं काय दिसतंय? तितं तू हायस. ‘जा’ म्हनू आनि तुला काय झालं तर? ‘जाऊ नगं’ म्हनू आनि पोरीला काय झालं तर? माज्यानं न्हाई हुयाचं, अनसूया.”

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं. आडाला पाणी आहे म्हणून निश्चिंत राहावं आणि नेमकं उन्हाळ्यात वाकून बघितल्यावर तळ दिसावा, तसं मला झालं. फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हेही घाबरतात.

“आता वीरगंजला लावा,” मी तात्यांना म्हटलं.

तिकडचा फोन पहिल्यांदा जालिंदररावांनी घेतला. “मामी, तुमी अजाबात येऊ नगा. हितं सगळं बेस हाय. डॉक्टरीनबाई म्हनल्यात, अजून आठ-धा दिस हायेत.” त्यांचा आवाज बेस वाटत नव्हता, पण फोनवर कुणाचाच वाटत नाही.

मग सारिका आली. “आई, तू जा बगू माघारी. मी काय ल्हान हाय का? हितं आत्याबाई हायेत, सगळी हायेत.” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“कंबर दुखती का गं?”

“न्हाई.”

“पाय सुजल्यात?”

“आई, तू येऊ नगंस,” एवढंच ती म्हणाली.

सगळ्यांनी सांगितलं होतं, येऊ नको. तात्यांनी, बाजीरावांनी, जावयांनी, खुद्द लेकीनं. घाबरटाला याहून काय हवं? आणि खोटं कशाला बोलू, माझा जीव हलका व्हायला लागला होता. आता मला कुणी नावं ठेवली नसती. मनातल्या मनात मी परतीची पिशवी भरायला घेतली होती. एवढ्यात फोन कुणीतरी सारिकाच्या हातातून घेतल्याचा खरखराट झाला. श्वास ऐकू आला, जड, वयस्कर. मी ओळखला.

“विहीनबाई?” मी म्हटलं.

मग गजराबाई म्हणाल्या, “या तुमी.”

आणि फोन ठेवला.

तात्यांनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, फोन लागला नाही. बाजीराव म्हणाले, “म्हातारीला काय जातंय बोलायला? तिला काय कळतंय?” पण मला ती बाई ठाऊक होती. तहानेनं मेली असती तरी तिनं माझ्याकडे तांब्या मागितला नसता. तिनं ‘या’ म्हणावं, म्हणजे तिथे काहीतरी असं झालं होतं की जे जालिंदर मला सांगत नव्हते आणि सारिकाला सांगता येत नव्हतं. काय झालं असेल, याचे विचार करत मी संध्याकाळ काढली. रात्रीचं विचारू नका.

सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठायची, माणसांनी दूध-भाजी घ्यावी म्हणून. त्या वेळेला मी पुलाकडे निघाले. पिशवीत डिंक, हळीव, खोबरं, माझ्या जुन्या लुगड्याची मऊ धुडकी, चार झबली. आणि वर, हिरव्या खणात गाठी मारून बांधलेला ओटीचा नारळ. लेकीला न्यायला जाताना देवापुढे ठेवून तो बरोबर घ्यायचा असतो. आता तिला आणायचं कसलं, पण नारळ मागे ठेवायला हात धजेना.

बाजीराव रक्सौलच्या बाजूच्या कमानीपर्यंत आले. पूल दिसू लागला तशी त्यांची चाल मंदावली. मग ते थांबलेच.

“वैनी,” ते म्हणाले, आणि त्या एवढ्या थोरल्या देहातून चिमणीएवढा आवाज निघाला. “वैनी, माजी दोन लेकरं ल्हान हायेत वो.”

ते लहान मुलासारखे रडायला लागले. नाव बाजीराव, आणि डोळ्यांतून धारा. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यांना वर्षभर चिडवलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमी हितंच उभं ऱ्हावा,” म्हटलं. “मी मागं वळून बघितलं तर तुमी दिसायला पायजेसा. एवढं करा.”

पुलावरून मी एकटी चालत गेले. म्हणजे आणखी माणसं होती, पण ती सगळी उलट्या बाजूनं येत होती. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. माझ्याकडे बघून एक म्हातारी काहीतरी म्हणाली, तिच्या भाषेत. ‘वेडी आहेस का’ हे कुठल्याही भाषेत कळतं.

पूल संपला तिथे वाळूची पोती रचून शिपाई बसले होते. एकानं मला थांबवलं. विशी-बाविशीचा, मिसरूड नुकतं फुटलेलं, डोळे जागरणानं लाल. त्यानं पिशवीत हात घातला आणि हाताला गोल, जड, कापडात आवळून बांधलेलं काहीतरी लागलं. तो हात झटक्यात बाहेर आला. तो ओरडला. बाकीचे दोघं पोत्यांमागे गेले आणि तीन बंदुका माझ्याकडे वळल्या.

“इसमें क्या है? नीचे रखो! नीचे!”

मला कळेना काय झालं. “नारियल हाय, साब,” मी म्हटलं. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच घातलेली टोपी. “पोरगी का ओटी भरने का हाय. पोरगी पेट से हाय.”

“खोलो! दूर जाके खोलो!”

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन बसले. गाठ बोटांनी सुटेना. दातांनी सोडली. नारळ उघडा पडला तरी त्यांची खात्री होईना. त्या पोरानं बंदुकीनंच खुणावलं, फोड.

ओटीचा नारळ असा फोडत नाहीत. रस्त्यात, उन्हात, बंदुकीपुढे. मी तिथल्या एका दगडावर तो आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फुटला आणि भपकन वास आला. आतलं खोबरं काळंनिळं पडलं होतं, पाणी नासलं होतं. गाडीतल्या उन्हानं झालं असेल. शिपायांनी नाकं धरली आणि मग ते हसायला लागले, सुटल्यासारखे. त्या पोरानं हातानं वाट दाखवली, जा.

मी उठलेच नाही. नारळ नासका निघाला की ‘इडापिडा टळली’ म्हणणारी माणसं आमच्यात आहेत. पण लेकीच्या ओटीचा नारळ नासका निघणं, तोही ती बाळंत व्हायच्या तोंडावर, याचा अर्थ कुठल्याही आईला कळतो. माझ्या गावातली एकही बाई तिथून पुढे गेली नसती. मी मागे वळून बघितलं. पुलाच्या त्या टोकाला बाजीराव उभे होते, ठिपक्याएवढे, आणि हात हलवून मला बोलवत होते. पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना बंद दुकानं, मधे जळून गेलेल्या टायरांच्या तारा.

मला एकच सुचलं. नारळ देवाचा असेल, पण ‘या तुमी’ हे माणसानं म्हटलं होतं. मी खण झटकून पिशवीत टाकला, नारळ तिथेच गटारात लोटला आणि चालायला लागले. पुढे पळायला लागले. लुगडं दोन्ही हातांनी वर धरून, वयाच्या पंचेचाळिशीत, परदेशात.

घर मला सारिकाच्या वर्णनावरून माहीत होतं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या अलीकडची गल्ली, निळा दरवाजा. मी थाप मारण्याआधीच तो उघडला. गजराबाई फटीतून बघत उभ्या असाव्यात.

“आलासा?” त्या म्हणाल्या, जणू त्यांनीच बोलावलं हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

आतून सारिकाचं कण्हणं ऐकू आलं. कळा आदल्या दुपारपासूनच सुरू होत्या. फोनवर ती माझ्याशी ‘न्हाई’ म्हणत होती तेव्हासुद्धा. जालिंदर संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना आणायला मागच्या गल्लीनं गेले ते परतच आले नव्हते. ते तिसऱ्या दिवशी आले, लंगडत, पाठीवर वळ घेऊन, पण आले. ते पुढचं. त्या सकाळी ते जिवंत आहेत की नाहीत, हे आम्हा तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले. मला बघून ती रागावली. “नगं म्हनलं हुतं न्हवं तुला!” आणि माझा हात असा धरला की बांगडी पिचली.

बाहेर गाडीवरून भोंगा फिरायला लागला. संचारबंदी पुन्हा लागली होती. आता डॉक्टरीण येणं नाही नि कुणी जाणं नाही.

“विहीनबाई,” मी गजराबाईंना म्हटलं, “तुमचा हात चांगला हाय म्हनं. सारिका सांगत हुती. तुमी बसा फुडं.”

त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली.

“मी न्हाई हात लावायची,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “आवो, ही वेळ हाय का मानपानाची?”

“मान न्हवं, बाई.” त्यांचा आवाज फाटला. “माजी थोरली, मंगल. ताप येऊन गेली म्हनून ऐकलं असंल तुमी. ताप न्हवता. ह्या हातानं गावच्या धा-बारा बाया सुटल्या हुत्या, म्हनून म्या म्हनलं माज्या लेकीला दवाखाना कशाला? घरातच घेतली मी तिला. दोगंबी गेली. आई बी आनि ल्योक बी. माज्या ह्या हातात.” त्यांनी पदराखालचे हात आणखी आत ओढले. “जालिंदर म्हनला, सासूला बोलवू नगं, जिवावर बेतंल तिच्या. मला कळत हुतं. पन मला लई भ्या वाटाय लागलं. एकलीला न्हाई सोसत हुतं. म्हनून बलावलं तुमास्नी.”

बंदुकांपुढून मी आले होते ते असल्या बाईच्या भरवशावर, जिला सगळं येतं. आणि ती माझ्या भरवशावर उभी होती. मला हसू येणार होतं की रडू, ते कळायला वेळ मिळाला नाही. सारिकानं किंकाळी फोडली.

“सांगा तर खरं,” मी म्हटलं. “हात मी लावते, तुमी नुसतं सांगा.”

गजराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पाठ आमच्याकडे, कपाळ भिंतीला. आणि तशाच सांगायला लागल्या. पाणी उकळा. धुडकी भिजवून पिळा. तिला उकिडवी न्हाई, आडवी घ्या, उशी कमरंखाली. आता जोर लाव, पोरी. आता थांब, नुसती धाप टाक. मी तसं तसं करत गेले. रक्त होतं. भोवळ आली. मी जीभ दातांखाली धरून चावली, तोंडात खारट चव आली आणि भोवळ गेली. किती वेळ गेला कळलं नाही. रस्त्यावरून बुटांचा आवाज आला की आम्ही तिघी गप्प व्हायचो, सारिकासुद्धा पदराचा बोळा दातांत धरायची.

“डोस्कं दिसतंय का?” भिंतीकडून आवाज आला.

“दिसतंय.”

“वडू नगा. नुसता हात खाली धरा.”

डोकं आलं. बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता, निळसर, सापासारखा पिळलेला. बाळाचा चेहरा त्याच रंगाचा.

“विहीनबाई, नाळ. गळ्याला नाळ हाय!”

“बोट घाला खाली. हळू. डोस्क्यावरनं काढा.”

मी बोट घालायला गेले. नाळ बुळबुळीत होती. बोट आत जाईना. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं. बाळाचा रंग काळा पडायला लागला. मला त्या क्षणी दिसला तो रस्त्यावरचा फुटलेला नारळ, आणि मी ओरडले, “मला न्हाई जमत! गजराबाई, मला न्हाई जमत वो! मरतंय ते!”

भिंतीपाशी काही हललं नाही. सारिका मान वर करून त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “आत्याबाई.”

गजराबाई वळल्या. गुडघ्यावर धाडकन बसल्या, माझा हात खांद्यानं बाजूला सारला. त्या थरथरत होत्या, डोळे गच्च मिटलेले. पण बोटं थरथरत नव्हती. बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. एक बोट नाळेखाली गेलं, वेढा सैल झाला, डोक्यावरून निघाला. मग खांदा, मग दुसरा, आणि सगळं बाळ त्यांच्या ओंजळीत आलं.

ते रडेना. त्यांनी ते उलटं धरलं, पाठीवर चोळलं, तोंडात बोट घालून घाण काढली. डोळे अजून मिटलेलेच. मी मनात कुलदेवीचं नाव घ्यायला गेले, तेही आठवेना. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लाचा असतो तसा. आणि मग मोठा, चांगला रागावलेला.

सारिका हसली आणि मग रडली. मी तिचं कपाळ पुसत होते. मग गजराबाई सांगतील तशी मी नाळ बांधली, कापली, वार पडली. बाळाला त्यांच्या ओंजळीतच धुडक्यात गुंडाळलं. मुलगी होती.

गजराबाईंनी आत्ता डोळे उघडले. ओंजळीतल्या पोरीकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं. आणि ते हात आता कुठे कापायला लागले.

“विहीनबाई,” त्या म्हणाल्या, “धरा की हिला. माज्या हातातनं घ्या.”

मी पुन्हा लेकीच्या डोक्याशी बसले होते, हात रिकामेच होते माझे. बाहेर कुठेतरी पुन्हा गोळी सुटली. पोर दचकली आणि त्यांच्या बोटाला तिनं मूठ आवळली.

“ऱ्हाऊ दे,” मी म्हटलं. “तुमच्याकडंच बरी हाय ती.”